सुई का फिरते

झुंबरकाका : अशी घाई नका करू, ताई. तीन काढलेत, तिन्ही हातात धरून बघा. नीडल होल्डर म्हणजे दुसरं काय, सुई धरायचा चिमटा. पण हे दुकान टाकायच्या आधी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात हीच हत्यारं मांडलीत मी. हातात घेतल्याबिगर चिमटा बोलत नाय.

रोहिणी : नको काका, हा मधला चालेल. बांधून द्या.

कोंडाजी : चालेल कसा? खटका तरी दाबून बघ. आणि झुंबरभाऊ, मला मुळात हेच कळत नाही. घरात एक चांगला असताना दुसरा कशाला?

रोहिणी : पप्पा, तो लांब पडतो मला. सांगितलं ना.

झुंबरकाका : आणलाय का बरोबर?

रोहिणी : नाही.

कोंडाजी : आणलाय. निघताना मीच पिशवीत टाकला. हा बघा.

झुंबरकाका : सहा इंची. ताई, हात पसरा बरं. हां. अहो, ह्या हाताला बेतून केल्यासारखा हाय की हा! लांब कुठं पडतो?

रोहिणी : पडतो थोडा.

झुंबरकाका : बरं. मग एवढंच सांगा, सराव कशावर करता?

रोहिणी : सायकलच्या ट्यूबवर. उभी चिरायची, फळीला खिळ्यांनी ठोकायची आणि टाके घालायचे. सोमवारी कॉलेजात सर्जरीचे सर बघणार आहेत. आपापला होल्डर आणायचा, हा त्यांचा नियम आहे. ट्यूबवर पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावू देत नाहीत.

झुंबरकाका : शहाणा माणूस दिसतोय.

रोहिणी : दोनदा नापास केलंय मला. टोचताना सुई फिरते. तिसऱ्यांदा फिरली तर सर्जरीचा नाद सोड, म्हणालेत.

कोंडाजी : दोनदा? हे घरात कोणाला माहीत आहे?

रोहिणी : आईला.

कोंडाजी : म्हणजे मी सोडून सगळ्यांना.

झुंबरकाका : थांबा कोंडाजीभाऊ, रागावू नका. तुम्ही ओझरला विमानाच्या कारखान्यात ना? मघाशी म्हणालात.

कोंडाजी : सव्वीस वर्षं. फिटर होतो, आता तपासणीला आहे. माझ्या सहीशिवाय पार्ट पुढे जात नाही.

झुंबरकाका : मग माझं एक काम करा. तिन्ही होल्डर उजेडात धरा आणि हळूहळू मिटा. काय दिसतं ते मला सांगा.

कोंडाजी : ह्याच्या सांध्यात ढिलाई आहे. डावा जबडा उजव्यावर चढतो. रिजेक्ट. हा दुसरा... मधूनच आधी मिटला, टोकाला फट राहिली. हाही रिजेक्ट. तिसऱ्याची टोकं आधी भेटली. खटका पुढे गेला तशी मागची फट बुजत गेली. हा बरोबर.

झुंबरकाका : बघा! थिएटरात नवी पोरं यायची, त्यांना हे शिकवायला मला महिना लागायचा. टोकं आधी भेटली पाहिजेत, कारण बारीक सुई टोकाशीच धरायची असते. ताई, तुम्ही तो मधला बांधून मागत होता.

रोहिणी : हो. चुकलं.

झुंबरकाका : चुकलं नाय, बघितलं नाय. आता हा जुना. हा पण उजेडात धरा, भाऊ.

कोंडाजी : धरायचं काय? मला पाठ आहे तो. सेकंडहँड आणला तेव्हा गंजाचे डाग होते. जबड्याच्या आत तर नुसता खरखरीत. हिच्यासाठी पाच रविवार घरी बसून हाताने घासला. आधी बारीक पॉलिश पेपर, मग पेस्ट, मग नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड. आता आत तोंड दिसतं. विमानाच्या पार्टवर ओरखडा दिसला तर आम्ही पार्ट परत पाठवतो. तिथूनच तडा सुरू होतो.

झुंबरकाका : काम झकास केलंय. हाताला लागतच नाय काही.

रोहिणी : काका, तो राहू द्या ना. नवा द्या आम्हाला.

झुंबरकाका : देतो, ताई. कोंडाजीभाऊ, ही वाकडी सुई घ्या. तुमच्या त्या जुन्यात धरा. खटका लावा, शेवटपर्यंत. लावला? आता दुसऱ्या हाताच्या बोटानं सुई बाजूनं ढकला. टोचायचं नाय, नुसती ढकला.

कोंडाजी : फिरली.

झुंबरकाका : परत.

कोंडाजी : खटका तर पूर्ण लागलाय. तरी फिरते.

झुंबरकाका : आता नव्यात धरा. तीच सुई.

कोंडाजी : ...हलत नाही.

झुंबरकाका : नव्याच्या जबड्यावरनं नख फिरवा.

कोंडाजी : जाळी आहे. बारीक, आडवी-उभी. म्हणजे ते खरखरीत होतं ते...

झुंबरकाका : त्याच्यावरच सुई धरून राहते.

(कोंडाजी दोन्ही होल्डर काउंटरवर शेजारी शेजारी ठेवतो.)

कोंडाजी : तुला माहीत होतं.

रोहिणी : गेल्या बुधवारपर्यंत नव्हतं. खरंच नव्हतं, पप्पा. दोन महिने मला वाटलं, माझाच हात वाईट आहे. रोज ट्यूब चिरायची, रोज रडायची. बुधवारी मैत्रिणीचा होल्डर घेतला, तर सुई जागची हलली नाही.

कोंडाजी : मग त्याच दिवशी सांगायचं.

रोहिणी : कसं सांगू? आई म्हणाली, त्या नमद्याच्या धुळीपायी तुमचे डोळे लाल व्हायचे. दिलात तेव्हा रुमालात गुंडाळून दिला होतात.

कोंडाजी : म्हणून लांब पडतो म्हणालीस?

रोहिणी : हो.

कोंडाजी : कारखान्यात एखाद्या पोराने असं झाकलं असतं ना, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नसतं. बापाने केलेला असो नाहीतर मोठ्या साहेबाने, बिघडलेला पार्ट तो बिघडलेलाच. उद्या तुझ्या हाताखाली माणूस येणार आहे, रोहिणी. तिथे पण कोणाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसशील?

रोहिणी : नाही.

कोंडाजी : मोठ्याने बोल.

रोहिणी : नाही बसणार.

झुंबरकाका : झालं आता. भाऊ, माझं पण ऐका. नोकरीला लागलो तेव्हा टोक झिजलं असं समजून मी एक बोथट टोकाची कात्री सहाणेवर घासून टोकदार करून आणली होती. ती टाके तोडायची, पेशंटला टोचू नये म्हणून टोक बोथटच पाहिजे होतं. सिस्टर मला रागावली नाय. तिनं समोर बसवलं आणि प्रत्येक हत्यार कशासाठी आहे ते एकेक विचारलं. ते विचारायचं राहून गेलं होतं माझं. तुमचं पण तेवढंच राहिलं.

कोंडाजी : हो. काय करतो हा, ते विचारलंच नाही मी. चमकवत बसलो.

झुंबरकाका : आमच्याकडे पण ट्यूब हाय. घ्या ताई, नवा होल्डर. सुई कुठं धरायची?

रोहिणी : टोकापासून तीनातले दोन हिस्से सोडून. दोऱ्याकडच्या बाजूला.

झुंबरकाका : आणि मनगट?

रोहिणी : सुईच्या वळणाने फिरवायचं. ढकलायचं नाही.

झुंबरकाका : मग घाला तीन टाके. आज इन्स्पेक्टर समोरच हायेत.

कोंडाजी : माझा चष्मा कुठे ठेवला मी? हं. पहिला सरळ. दुसरा सरळ, अंतरही सारखं. तिसरा तिरपा गेला.

रोहिणी : हो. मनगट अडलं माझं.

कोंडाजी : हा एक तुझा. आधीचे दोन महिन्यांचे सगळे माझे.

रोहिणी : पप्पा, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय. चौथा घालते.