पेशी परतल्या की

लेउवार्डनच्या रुग्णालयात पोटाची सोनोग्राफी करून आल्के निकालाची वाट बघत बसली होती. केमोनंतर तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी उरल्याच नव्हत्या, आणि ताप हटत नव्हता. शेजारच्या बाकावर एक म्हातारा, विबे, आणि त्याची बायको श्यौके बोलत होते.

"तुझ्या पेशी परतल्या म्हणून मी दारावर झेंडा लावला, अख्ख्या गल्लीला केक वाटला. आणि आता म्हणे यकृतात बुरशीची गळवं."

"बारकी आहेत गं. वाटाण्याएवढी."

"मागच्या सोनोग्राफीत तर एकही नव्हतं."

"होती. दिसत नव्हती."

"असं कसं?"

"तेव्हा बुरशीशी भांडायला रक्तात कुणी नव्हतंच. आता पेशी आल्या, त्यांनी तिला वेढा घातला. तो वेढा मशीनला दिसतो. पांढरं कडं, मधे काळा ठिपका. पडद्यावर नुसते डोळेच डोळे."

"म्हणजे मी झेंडा लावला तेव्हा..."

"तेव्हाही. मी म्हणत नव्हतो तुला, पोटात कुणीतरी जागं आहे म्हणून?"

"मी म्हटलं, गप झोप."

"झोपलो की मी. ते नाही झोपलं."

"झेंडा उतरवू का आता?"

"राहू दे. औषध आहे त्यावर. बरेच महिने घ्यावं लागेल, एवढंच."

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"आल्के, तुमच्या यकृतात काहीच दिसलं नाही."

आल्केने शेजारी बघितलं. विबे खाली मान घालून आपले बूट बघत होता.

"मग पुन्हा कधी बघायचं?"

"तुमच्या पेशी परतल्या की."