वायरीतला फरक

— डोंबलाचा फरक! अहो सर, स्पीकरची दीड मीटर वायर आन् ऐंशी हजार — वायर हाय का सोन्याचा गोफ? आन् तुमी पन तीच घेताय? काय म्हनले शामकांत सर? "अजिनाथच्या कानानं पास केली"? असं म्हनले? शी! — त्यो तबला सरकवा इकडं, सूर लावता लावता सांगतो. विद्यापीठातनं रिटायर झालेला मानूस, एवढा शिकलेला, आन् वायर फरशीला टेकू नये म्हनून खाली लाकडाचे ठोकळे मांडतो! किळस येते बघून. मला मुद्दाम बोलवून घेतलं — का? तर राहुरीत कान म्हनजे अजिनाथचा. दर गुरुवारी त्यांच्याकडं गानं ऐकतो मी, तेच गानं लावलं, म्हनले, "काल नवी वायर जोडलीय, सांगा आता." आन् तोंडाकडं असे बघाय लागले, जसं काय दहावीचा निकाल मीच लावनार हाय. मी डोळे मिटले. काय ऐकू आलं? काय न्हाई! गेल्या गुरुवारी हुतं तेच. पन बोललो काय मी? — "व्हय सर, लई फरक. आवाज मोकळा झाला." मोकळा झाला म्हनं! जीभ कशी झडली न्हाई माझी!

निघताना चपला घालत हुतो, तर प्रेमलावहिनी मागं आल्या, हळूच म्हनल्या, "अजिनाथराव, नवी वायर मी सकाळी पुसायला काढली, ती कपाटावरच आहे. जुनीच जोडली होती. यांना बोलू नका हं, फार खूश आहेत." — काय करता? मान डोलावली. घरी येऊन जेवन गेलं न्हाई. त्यांना वायरवाल्यानं फसवलं, मी कुनाच्या नावानं बोंब मारू? तवापासनं माझ्याच तोंडाची शिसारी आलीय मला. तुमी घरचे म्हनून बोललो, कुटं बोलू नका.

हां, झाला बघा. काळी एकचा सूर, कडेची सगळी घरं चोख. घाला पिशवीत. — का हो? मोबाईल कशाला काढला? — सूर तपासायचं ॲप? सर, एकतीस वर्षं झाली दुकानाला, आजपातूर कुनी... — न्हाई, न्हाई. तपासा. तपासाच तुमी. जवळ धरा जरा — थांबा, पंखा बंद करतो.