एक वाजून छत्तीसचा बाद फोटो

मी, वय ६१, धंदा शिवणकाम, राहणार वसाहतीतलं शेवटचं घर, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगते, की घरात मी, माझे पती वय ७० आणि धाकटा मुलगा वय ३४ असे तिघे राहतो. पतींना दोन वर्षांपासून विसर पडतो. घर ओळखू येत नाही, पण फाटकावरचा पिवळा दिवा ओळखतात. तो दिसला की बरोबर आत येतात. म्हणून तो रात्रभर चालू असतो.

शेजारी चष्मेवाले राहतात. दुकान मुलीला देऊन आता परसात दुर्बीण लावून लांबच्या आकाशगंगांचे फोटो काढतात. शहराच्या उजेडात एका फोटोत काही उमटत नाही, म्हणून दोन-दोन मिनिटांचे शेकडो फोटो एकावर एक रचतात म्हणे. मला ते कधी पटलं नाही. हा माणूस दुर्बिणीला झाकण लावूनसुद्धा फोटो काढतो. विचारलं तर म्हणे, कॅमेऱ्याचे डाग वजा करायला. शिवाय तीनदा येऊन म्हणाले, "ताई, तेवढा दिवा दोन तास घालवाल का?" मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

मंगळवारी रात्री सव्वानऊला मी गोळी घेऊन झोपले. पती घरात होते. पहाटे पाचला उठले तर अंथरूण रिकामं, फाटक उघडं, दिवा बंद. मुलगा म्हणाला, "आई, बल्ब कुणीतरी सैल केलाय." स्टुलावर चढून त्यानं तो पिळला, आत जाऊन बटण दाबलं, दिवा लागला. मी तडक इथे येऊन चष्मेवाल्यांविरुद्ध तक्रार दिली. आज चौथा दिवस. पती सापडलेले नाहीत.

आज साहेबांनी चष्मेवाल्यांकडून त्या रात्रीचे फोटो मागवले. प्रत्येकावर वेळ आहे. साडेदहापर्यंत प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात माझ्या दिव्याचा पिवळा पट्टा आहे, नंतर नाही. मी म्हटलं, बघा, तेव्हाच सैल केला. साहेबांनी विचारलं, खराब म्हणून बाद केलेले कुठे आहेत? चष्मेवाले म्हणाले, एकच आहे, एक छत्तीसचा, अंधार झाल्यावर मधेच उजेड आला म्हणून काढलेला. त्यात पिवळा पट्टा पुन्हा आहे. पुढच्या फोटोत नाही.

सैल बल्ब दोन मिनिटांपुरता आपोआप लागत नाही. बटण मुलाच्या उशाशी आहे. फाटकाशी कुणीतरी आलं, ते कोण हे त्यानं दिवा लावून पाहिलं, आणि दिवा परत घालवला.

"यांच्यापायी माझं लग्न अडलंय," असं तो मागच्या महिन्यात वडिलांबद्दल बोलला होता. मी कानाडोळा केला. चष्मेवाल्यांना मी नाही नाही ते बोलले, त्याची मला लाज वाटते. त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

मुलगा बाहेर गाडीवर माझी वाट पाहत आहे. मला त्याच्याबरोबर घरी जायचं नाही.

हा जबाब हवालदारांनी मला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी मी, मुलाबद्दलचं खोडा, म्हणणार होते. म्हटलं नाही. लिहिलंय ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.