अंजुमची बारी

हात ढिला सोड वं पोरी, असा लाकडावानी ताठ धरशील तं बांगडी कशी चढंल — हां, असा — अंगठा आत घे, अजून आत — थांब, थांब जराशी, माझी बारी आली. तू साबनाचा हात असाच ठेव, मी फक्त फासा फेकते. पाह्य, चार पडले. चाराचं काय करू आता, ह्या लाल गोटीले पुढं सरकवू का त्या मागच्या? तुमाले सारं येते, तुम्ही कॉलेजवाल्या. मी आत्ता कुठी शिकून राह्यली, ईद झाल्यावर. आमच्या लहानपनी पुठ्ठ्याचा लुडो होता, मागच्या अंगाले साप-शिडी. त्यात काय भांडनं होत! फासा पाटाखाली गेला, पुन्हा फेक, तुझी गोटी सरकली, माझी गोटी सरकली — इथी भांडनच नाई. मोबाइलमंधी चिटिंग करताच येत नाई, अर्धी मजा तं तिथीच गेली. अन् गोटी घरात गेली का फटाके फुटतात, एक बाई आतून ‘वॉव’ म्हनते. दिवसभर एवढ्या बायांले बांगड्या भरून देते मी, कोनी कधी वॉव म्हटलं मले? हसू नको, हात हलते. हे एक बरं हाय म्हना, पन मधातच जाहिराती येतात ना, थे लय वाईट. एक राजा असते, पान्यात उभा, पानी चढत जाते त्याच्या गळ्यापर्यंत, म्हने याले वाचवा. कसं वाचवू? बोट लावलं तं दुसराच गेम उतरते मोबाइलवर. मंग पाहत बसा नुसतं. मरते तो. हर बार मरते.

दुसरा हात दे. ह्या हिरव्या गोट्या दिसतात ना समोर, ती आमची अंजुम हाय. खरंच, तीच खेळून राह्यली तिकडून. तू हॉस्टेलवरची, तुले कुठून माहीत असन — अंजुम माझी पोरगी, नर्स हाय, भामरागडच्याई पल्याड जंगलात उपकेंद्र हाय तिथी. आठवा लागला तिले. पहिलं बाळंतपन माहेरीच व्हायले पायजे ना? मी म्हटलं, पानी-पावसाच्या आधी निघ, ब्रह्मपुरीत सारे दवाखाने हायेत. तं म्हने, अम्मी, इथल्या दोन बाया माझ्याच भरोशावर हायेत, त्या मोकळ्या झाल्या का येते. स्वतःचं पोट घेऊन दुसऱ्यांच्या बाळंतपनाले बसली! अन् मंग नदी चढली, पुलावरून पानी, रस्ता बंद. दरसाल होते ते, तिथले लोक तांदूळ-मीठ आधीच भरून ठेवतात, कोनी बोंबलत नाई. पन दरसाल माझी पोरगी गरोदर नव्हती ना. जाहिद, जावई माझा, चंद्रपूरवरून निघाला तिले आनायले, तं तो आलापल्लीलेच अडकला. तिथून फोन करते, अम्मीजान, पानी उतरून राह्यलं. सकाळीही उतरून राह्यलं, संध्याकाळीही उतरून राह्यलं, एवढं उतरते तं जाते कुठी ते पानी? अन् तिचा फोन मंगळवारपासून लागत नाई. टॉवरच बंद पडला म्हने.

थांब, माझी बारी. दोन. जाऊ दे.

हा गेम तिनंच टाकून देल्ला मले. म्हने, अम्मी, आमच्या इथी बोलायले नेटवर्क पुरत नाई, आवाज तुटते, पन गेम थोड्याशातही चालून जाते, रोज एक डाव खेळत जाऊ, म्हंजे मी बरी हाय हे समजत जाईल तुले. मले वाटलं काय पोरखेळ. पन खरं सांगू, सवय लागली वं. मंगळवारपासून रोज बोलावनं पाठवून राह्यली, तिथी बटन असते, अन् कोनी येत नव्हतं. आज, घडीभराआधी, टन्न वाजलं. अंजुम! हिरव्या गोट्या मांडल्या गेल्या. माय वं, मी तं ओरडलीच. आत तिचे अब्बा पडले हायेत ना खाटेवर, दोन दिवसांपासून त्याईनं घास नव्हता घेतला, रेडिओ कानाले लावून नुसते छताकडं पाहत. त्याईले दाखवलं, पाहा जी, पोरगी लुडो खेळून राह्यली, अन् तुम्ही उपाशी मरून राह्यले. उठले. वरन-भात जेवले. पुन्हा विचारलं, खरंच तीच हाय का? म्हटलं, दुसरं कोन राहीन? आता झोपले असतील, म्हनून हळू बोलून राह्यली मी.

ही बांगडी जराशी घट्ट होते तुले, पन हातावर शोभंल. दाबू? — पन आज अंजुमचं खेळनं काई वेगळंच हाय. रोज ती माझी गोटी कापत नाई. कापायले भेटली तरी दुसरी गोटी चालवते, म्हने मायची गोटी कापून मले कुठी जायचं हाय? मीच कापते तिची, ती रडक्या तोंडाचं चित्र पाठवते, मी हसते. अन् आज? कचाकच कापून राह्यली. घराजवळ आलेली गोटी माझी, कापली. रागावली असन, मी म्हटलं. तिथी एकटी पोट धरून बसली अन् माय इथी सावलीत — येईल ना राग. का मंग शिकली असन, आता माय होनार, कडक झाली असन. अन् केवढी घाई! माझी बारी संपली नाई का तिचा फासा पडला, झट. पयले कसं, थांबायची, अर्धा अर्धा मिनिट, कोनी पेशंट आला का. मी आज एवढे चुम्मे पाठवले तिले, गुलाबाचं फूल पाठवलं, एकाचंही उत्तर नाई. अन् फोटोवर पाह्य हे काय लावून घेतलं, डब्ब्यासारखं तोंड, वरून तार निघाली. टोपी घेतली असन नवीन, गेममंधी भेटतात टोप्या, कॉइन जमले का —

काय? हेच, डब्ब्यासारखं. अवं टोपीच हाय ते — काय म्हनते? रोबोट? — नाई, समजून सांग, मले हे इंग्रजी समजत नाई. नेट गेलं तं — तं कोन खेळते? गेम स्वतःच खेळते? तिच्या जागी, तिच्या नावानं, तिच्या गोट्या घेऊन? असं काऊन करतीन ते? समोरच्याचा डाव थांबू नये म्हनून — हाय माय, वाढली का बांगडी? लागलं तं नाई? दाखव, दाखव हात. रगत हाय थोडंसं. माझ्याच बोटाची चूक, जोरानं दाबल्या गेली, हे धर, फडक्यानं दाबून ठेव.

मंग अंजुम कुठी हाय?

तुले कसं माहीत असन. मी बी कोनाले विचारून राह्यली. पन आली तं होती ना? सुरुवातीले तं तीच होती? हो ना, आल्याशिवाय गोट्या मांडल्या जात नाईत, तूच म्हनते. हे पाह्य, मी दाखवलं नाई तुले, इथी खाली लिहिलं तिनं. वाच. ‘अम्मी’. एवढंच. मले वाटलं सलाम केला पोरीनं. मी लगेच चुम्मे पाठवत बसली, फटाक्याचं चित्र पाठवलं, अन् तिच्या अब्बाले दाखवायले पळाली — पुढं काई लिहिनार होती का वं ती? नुसतं अम्मी म्हनून कोनी थांबते का? तू थांबते? आपल्या मायले फोन लावला तं अम्मी म्हनून — तुमच्यात आई — आई म्हनून पुढं काईतरी सांगतेच ना मानूस. दुखते म्हनते, भूक लागली म्हनते, काईतरी म्हनते.

बंद करू का याले? फेकून देऊ वाटते. — नको? काऊन नको? — म्हंजे नेट आलं तं ती याच डावात परत येऊ शकते. डाव चालू असला तं. अन् संपला तं? बाहेर. मंग पुन्हा बोलावनं, पुन्हा टन्न वाजायची वाट पाह्य. अवं पन तिच्या तीन गोट्या घरात गेल्या ना! मीच टाळ्या वाजवल्या तिसरीले. चौथी दारात उभी हाय, एक पायजे फक्त. एक पडला का संपलं. मी फेकतच नाई मंग. बसते अशीच रात्रीपर्यंत, माझं काय जाते. — हे काय फिरून राह्यलं? घड्याळ? वेळ संपला तं माझाही फासा तोच फेकते? मंग माझ्या हातात हाय काय, पोरी? काईच नाई? —

पडला माझा. आपल्या आपनच पडला, पाह्य. आता तिचा. या अल्ला. — पाच. वाचली. माझा. — आता तिचा. — तीन. वाचली.

हाँ जी? जागे हैं क्या आप? हाँ, खेल रही ना अभी तक. नहीं, उठो मत, मैं मोबाइल लाती बाद में. कैसी क्या? अच्छी है. जीत रही जी. अंजुम जीत रही.

तू जा आता. हात सांभाळ, बाकीच्या उद्या भरून देते. चप्पल हळू घाल, आत आवाज जाते. असं पाहू नको माझ्याकडं, जा. तिची बारी आली.