उसनं बोट

(सकाळ. शिंप्याचं दुकान. शिंपी, त्याची सून आणि शेजारच्या दुकानातला न्हावी.)

सून : बाबा, तीनशे अठरा? उपाशीपोटी एवढी साखर?

शिंपी : यंत्र म्हातारं झालंय, माझ्यासारखं.

सून : यंत्र गेल्या महिन्यात आणलंय. डॉक्टरांना फोन लावते. तुमची गोळी वाढवायला हवी.

न्हावी : फोन नको, सूनबाई.

सून : काका, तुम्ही दुकान उघडं टाकून इथे काय करताय? आणि बोटाला कापूस कसला?

न्हावी : वस्तरा लागला.

सून : तीस वर्षांत कधी लागला नाही तो?

शिंपी : सांगून टाक आता. नाहीतर माझी गोळी वाढतेय.

न्हावी : मी सांगू? बोट माझं, पण डोकं तुझं.

सून : म्हणजे हे रक्त काकांचं?

शिंपी : काल संध्याकाळी जरा गोड खाल्लं गं.

सून : जरा?

शिंपी : डबा होता. लहान. आता तू वहीत लाल पेनाने गोल करणार. आणि हा पठ्ठ्या रोज ऐकवतो, आयुष्यात माझं डोकंसुद्धा दुखलं नाही म्हणून. म्हटलं, एकदा तरी आपल्या वहीत शंभराचा आकडा दिसू दे.

सून : आणि काकांच्या आकड्यावर तुमची गोळी वाढली असती, मग भोवळ येऊन मशीनवरच आडवे झाला असता, त्याचं काय?

शिंपी : इतका पुढचा विचार केला नव्हता.

सून : सुई तरी नवी घेतली होती ना?

शिंपी : जन्म सुयांत गेला माझा. तेवढं कळतं.

सून : काका, हात धुवून या. पुन्हा बघू.

न्हावी : धुतो. पण सांगून ठेवतो, यंत्रच खोटं आहे.

सून : द्या बोट. हं... तीनशे एकवीस.

न्हावी : वाढली की.

सून : हल्ली तहान फार लागते का?

न्हावी : उकडतंय किती.

सून : रात्री उठावं लागतं?

न्हावी : वय झालं.

सून : वजन उतरलंय?

न्हावी : छे.

शिंपी : थापा मारू नकोस. तीन महिन्यांत दोनदा तुझ्या पँटची कंबर आत घेतलीय मी. वर म्हणालो, काय शिडशिडीत दिसतोस.

न्हावी : बरं वाटलं होतं मला ते.

शिंपी : माझ्या हातात टेप होती रे. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

सून : घरच्या यंत्रावर काही पक्कं ठरत नाही, पण आजच दाखवायचं. दोघांनीही. बाबा, तुमचं बोट.

शिंपी : आजचं झालं की.

सून : बोट.

शिंपी : घे बाई.

सून : एकशे शहाण्णव.

न्हावी : माझ्यापेक्षा कमी? डबा खाऊन?

सून : गोळी घेतात म्हणून. काका, किल्ली द्या. तुमचं दुकान बंद करून येते, मग निघू.

न्हावी : गेली ना? ऐक. रोज टोचायचं म्हणजे... फार दुखतं का रे?

शिंपी : टोचलेलं नाही दुखत. आकडा येईपर्यंतचे पाच सेकंद दुखतात.