कातडी धरली नाही

—नाही हो नीताताई, क्रीम देते मी, पण त्यानं हे जाणार नाही. तोंडाभोवतीच पुरळ, ओठ फुटलेले... तुमची सिद्धी वेपिंग करते का, ती ई-सिगारेट? — रागावू नका, फार्मसिस्ट आहे मी, विचारावं लागतं. — ‘आमच्यात असलं काही नसतं’? हं. मीही हेच म्हणाले होते.

माझी ऋग्वेदा — पाहिलीय ना तुम्ही, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळायची — मागच्या जुलैत पास्त्याचं उकळतं पाणी ओतताना तिचा उजवा हात भाजला. बोटांपासून मनगटापर्यंत. मांडीची कातडी काढून तिथं लावायची ठरली. सर्जननं विचारलं, ‘स्मोकिंग? वेपिंग?’ — तिला विचारलं हं, एकोणीस वर्षांची होती ती. तिनं तोंड उघडलंसुद्धा — आणि मीच म्हणाले, ‘नो, नो, नॉट इन अवर फॅमिली.’ शेजारी सिस्टर उभी होती, नेमकी आपली मराठी, सांगलीची. तिच्यासमोर कसं सांगणार?

मला माहीत होतं का? — होतं ना! महिनाभर आधी तिच्या टॉग्जच्या, पोहायच्या कपड्यांच्या पिशवीत वेप सापडलं होतं, आंब्याच्या वासाचं. पाहिलं आणि परत तिथंच ठेवलं. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, नव्या कातडीला रक्त पोचत नाही — हे मी इथं उभी राहून लोकांना समजावते! आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ती वॉर्डच्या बाथरूममध्ये ओढत होती — तलफेनं तळमळत होती हो, बघवेना — तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. कुणी येऊ नये म्हणून.

पट्टी सोडली तर कातडी काळी पडलेली. धरलीच नाही. पुन्हा केलं, तेही अर्धंमुर्धं. आता मूठ वळत नाही तिची. नर्सिंगला होती, सोडलं. घर सोडून तिकडं अप्पर हट गावात मैत्रिणीकडे राहते. मी फोन करते, मराठीत बोलत राहते — जेवलीस का, थंडी आहे का — ती एवढंच म्हणते, ‘यू आन्सर्ड फॉर मी, मम.’ आणि ठेवून देते.

होईल हळूहळू बरं? — नाही हो. सगळ्यांना विचारून झालंय. हातही नाही, आणि... जाऊ दे. हे मी अजून तिच्या बाबांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक.

सिद्धीला आणा ना एकदा. तुम्ही बाहेर थांबा, तिलाच बोलू दे — काय? — बरं. नको तर नको.

नेक्स्ट, प्लीज.