मेंढीवरचा अंगठा

—न्हाय, बसायचं काय काम न्हाय मॅडम, उभ्याच बऱ्या तुमी. आन ती ओढणी आवरा, टेबलाला लागंल. लागली तर काय म्हंजे? टेबल केसभर हाललं की आठ दिवसांचं काम पाण्यात! ह्या आमच्या भवानी पेठेत, पुण्यातली न्हवं, शेजारी माग धडधडत्यात, म्हणून मी माग बंद असतील त्याच दिवशी काम करतो — मातीच्या मेंढीचा पाय एवढासा उचलायचा, फोटो. आनिक एवढासा, फोटो. मिनिटाच्या पिक्चरला सातशे फोटो. तुमी पुण्यात गारव्याला बसून बघितला, आन आल्या हितं खोड काढायला!

नावं? लिवलंय की फॉर्मवर — बिरुदेव, सगळं काम एकट्यानं. तुमच्या महोत्सवाला एकटाच माणूस पायजे न्हवं? मग? — ठसे? व्हय, दिसत्यात मेंढरांच्या पाठीवर. मातीच ती, बोट उमटणारच. माझीच बोटं. बारीक हायत तर हायत... माज्या हाताकडं काय बघता?

विजयमाला? हे नाव कुणी सांगितलं तुमाला? बायकू माझी. माती मळून द्यायची, बास. आता मातीवर लोकर ती अंगठ्यानं उठवायची, हे खरं — माहेरी मेंढरांतच वाढलेली, हात फिरलेला — पन आमी काय कोंबड्या राखत हुतो व्हय? मदत ती मदत. म्हणायची, शेवटाला नावं येत्यात, तितं माझं बी टाका. मी म्हणलं, च्या करणारीचं बी टाकत्यात का? चार माणसांत म्हणलं. गेली उठून अक्कलकोटला, भावाकडं. चार वर्सं झाली. जाऊ दे की! माझं काय अडलंय? नवा पिक्चर चालू हाय. मेंढरं कपाटात हायत — उघडू नका! ... उघडलंच? मग बघा. दगडं वाटत्यात न्हवं? जुनी मोडून त्याच मातीची केली मी. धा येळा केली. लोकरच उठंना.

ती एक मेंढी न्हाय मोडली. ती जुनी हाय, ठिवा खाली. ठिवा म्हणतो न्हवं!

काय? अंगठा लावून दावू? ठशात बसला की तुमी माझं एकट्याचं नाव लिवून जाणार? एवढंच न्हवं? आना हिकडं. आत्ता दावतो. ही तेलाची माती, मॅडम, कवाच वाळत न्हाय. नुसतं टेकलं तरी... माझा उमटला की हा पुसणार. मग तुमाला तरी काय कळणार? आन मला...

एवढाच राहिलाय तिचा.

निगा तुमी. फॉर्म फाडा, न्हायतर काय बी करा. निगा म्हणलं ना! आन दार हळू वडा, टेबल हालतंय.